स्कॉटलंड्सपीपल: 'मॅकग्रेगर' आडनावाच्या कसोटीवर

स्कॉटिश घराण्याचा माग काढायचा तर शेवटी एकाच दारात जावं लागतं. ते दार म्हणजे 'स्कॉटलंड्सपीपल', स्कॉटलंडच्या सरकारी अभिलेखागाराचं संकेतस्थळ. जन्म-लग्न-मृत्यूची नागरी नोंदणी, १८४१ ते १९२१ च्या शिरगणत्या, चर्चच्या जुन्या वह्या आणि मृत्युपत्रं या सगळ्यांच्या मूळ पानांच्या प्रतिमा तिथे मिळतात. खासगी वंशावळ कंपन्या महिन्याची वर्गणी घेतात, पण स्कॉटलंडच्या बाबतीत बहुतेक वेळा त्या उतरवून काढलेली सूचीच दाखवतात. मूळ पान पाहायला पुन्हा इथेच यावं लागतं.

सेवा चांगली आहे, एवढं सांगून भागत नाही. कुठलंही सरळ आडनाव घेतलं तर ती चांगलीच वाटते. म्हणून इथे कसोटीला मुद्दाम नाठाळ आडनाव घेतलं आहे: मॅकग्रेगर. हे आडनाव लावणं १६०३ ते १६६१ आणि पुन्हा १६९३ ते १७७४ असं एकूण १३९ वर्षं बेकायदा होतं. आडनाव टाइप करून शोधायच्या यंत्रणेपुढे, ज्यांनी आडनावच टाकून दिलं अशी माणसं ठेवली, तर ती यंत्रणा काय करते, हा प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर असं की १८५५ नंतरच्या काळासाठी सेवा उत्तम आहे, १७७४ ते १८५४ साठी डोकं लावलं तर उपयोगी आहे, आणि १७७४ च्या आधी तिच्या शोधचौकटीवर भरवसा ठेवणारा हमखास फसतो.

आधी आडनावाची हकिकत, कारण ती माहीत नसेल तर पैसे चुकीच्या पानांवर जातात.

मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचे वंशज. हा ग्रेगर चौदाव्या शतकातला. त्याचा मुलगा एकाक्ष इयन, गेलिक भाषेत 'इयन कॅम', १३९० मध्ये वारला आणि कुळाची मुख्य शाखा त्याच्यापासून मोजतात. मूळ प्रदेश ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या दऱ्यांचा. पुढे कॅम्पबेल सरदारांनी जमिनी बळकावत नेल्या आणि मॅकग्रेगर पूर्वेकडे, बाल्क्विडर, ग्लेनगाइल, रॅनक या भागांत सरकले. ७ फेब्रुवारी १६०३ ला ग्लेन फ्रुइनमध्ये त्यांनी लस या गावच्या कोल्हून घराण्याची कत्तल केली. ३ एप्रिल १६०३ ला, इंग्लंडची गादी घ्यायला लंडनला निघण्याच्या तोंडावर, सहाव्या जेम्स राजाच्या मंत्रिमंडळाने आडनावावरच बंदी घातली. नाव सोडा, नाहीतर मरा, असा तो हुकूम. कुळप्रमुख अ‍ॅलस्टर मॅकग्रेगरला २० जानेवारी १६०४ ला एडिनबरात फाशी दिलं. पुढच्या हुकमांत चारपेक्षा जास्त मॅकग्रेगरांनी एकत्र जमू नये, जवळ बाळगायची तर जेवणापुरती, टोक नसलेली सुरी बाळगावी, इतपत बारकावे आले.

मग या लोकांनी काय केलं? ज्याच्या जमिनीवर राहत त्याचं, किंवा ज्याचा आश्रय मिळेल त्याचं आडनाव लावलं. मरे, ड्रमंड, कॅम्पबेल, स्ट्युअर्ट, ग्रँट ही त्यातली ठळक. रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) सगळ्यांना ठाऊक असतो, पण १६९३ नंतरच्या कायदेशीर कागदांत तो आईचं माहेरचं आडनाव लावून 'रॉबर्ट कॅम्पबेल' म्हणून सही करतो. म्हणजे मॅकग्रेगर नावाची चौकट भरून तुम्ही खुद्द रॉब रॉयचे व्यवहारही गाठू शकणार नाही.

दुसरी अडचण उलट दिशेची आहे. ग्रेगर हे ख्रिस्ती संतांचं आणि पोपांचं नाव. ते युरोपभर ठिकठिकाणी ठेवलं गेलं, त्यामुळे ग्रेगरी, ग्रेग, ग्रिगर, ग्रेगसन ही आडनावं वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली आहेत. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे पणजोबा अलेक्झांडर ग्रेग स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्नबल्गहून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्गनला गेले आणि तिथे आडनावाची अक्षरं बदलली. हे आडनाव ग्रेगरवरूनच आलेलं आहे, पण म्हणून तो मॅकग्रेगर कुळातला, असं म्हणता येत नाही. भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या 'तुमच्या आडनावाचा इतिहास' छापाच्या गुंडाळ्या नेमकं हेच म्हणतात. त्या विकत घेऊ नका.

दर आणि हिशेब

खातं काढणं मोफत, सूचीत शोधणं मोफत. पैसे मूळ पान उघडताना पडतात, तेही क्रेडिटमध्ये. एक क्रेडिट २५ पेन्सचं, आणि सगळ्यात लहान संच ३० क्रेडिटचा, साडेसात पाउंडांना. दाखल्याचं, शिरगणतीचं किंवा पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या) वहीचं एक पान ६ क्रेडिट, म्हणजे दीड पाउंड. मृत्युपत्र १० क्रेडिट, मग त्याची पानं दोन असोत की वीस. घरं-जमिनींच्या मूल्यांकनाच्या याद्यांचं पान २ क्रेडिट. हे दर खरेदीआधी एकदा तपासून घ्यावेत. क्रेडिट दोन वर्षं चालतात, आणि एकदा घेतलेलं पान खात्यात जमा राहतं, पुन्हा पाहायला पैसे पडत नाहीत. ही गोष्ट मोठीच सोयीची आहे, कारण वर्गणीच्या सेवांमध्ये वर्गणी थांबली की कागद दिसेनासे होतात.

एका पिढीचा हिशेब सोपा आहे. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची तीन पानं १८ क्रेडिटची, शिरगणतीची दोन पानं १२ ची. बरोबर ३० झाले. एक लहान संच म्हणजे एक पिढी. १९२१ पासून मागे १७७४ पर्यंत साधारण पाच पिढ्या धरल्या तर साडेसदतीस पाउंड. बाजारात 'वंशावळ काढून देतो' म्हणणारे काही व्यावसायिक तासाला जवळपास एवढेच घेतात.

भारतातून पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, आणि बँक वरून चलनबदलीचं शुल्क लावते. त्यामुळे लहान संच पुन्हा पुन्हा घेण्यापेक्षा आधी मोफत सूचीत सगळी पानं हेरून ठेवावीत आणि लागतील तेवढे क्रेडिट एकदम घ्यावेत.

१०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ वर्षांच्या आतली लग्नं आणि ५० वर्षांच्या आतले मृत्यू यांच्या प्रतिमा घरबसल्या दिसत नाहीत. सूचीत नाव दिसतं, पुढे प्रमाणित नक्कल टपालाने मागवावी लागते आणि ती महाग पडते. एडिनबरात असाल तर जनरल रजिस्टर हाउसमधल्या केंद्रात दिवसाचं शुल्क भरून हवी तितकी पानं पाहता येतात, अलीकडचीही. पाच-सहा पिढ्यांचं काम असेल तर लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी मंडळींनी रेल्वेचं तिकीट काढून तिकडे जाणं हिशेबात बसतं.

१८५५ नंतर: इथे सेवा खरी उठून दिसते

स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. इंग्लंडपेक्षा अठरा वर्षं उशिरा, पण इंग्लंडच्या दुप्पट तपशिलाने. मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या बापाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्युदाखल्यावर आईबाप नसतातच, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे. १८६० मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या माणसाच्या एका पानावरून तुम्ही १७८० च्याही मागे, त्याच्या आईबापांपर्यंत पोचता. दीड पाउंडात याहून चांगला सौदा नाही. म्हणून काम नेहमी मृत्यूपासून सुरू करा, जन्मापासून नव्हे.

१८५५ या एकाच वर्षाचे दाखले तर सोनं आहेत. त्या वर्षी जन्माच्या दाखल्यावर आईबापांची वयं, जन्मगावं, लग्नाची तारीख-ठिकाण, आधीची मुलं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर जन्मगाव नि मुलांची नावंही लिहायची होती. निबंधकांच्या नाकी नऊ आले आणि १८५६ पासून बरेच रकाने गळले. जन्मदाखल्यावरची आईबापांच्या लग्नाची तारीख १८६१ ला परत आली. थेट पूर्वजाचा दाखला १८५५ चा नसेल, तर त्याच्या भावंडांपैकी कुणाचा त्या वर्षातला आहे का, ते शोधा. काकाच्या एका पानावर अख्खं घर सापडतं.

आणखी एक सोय. स्कॉटिश कागदांत लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. मृत्यूच्या सूचीत ती सासरच्या आणि माहेरच्या, दोन्ही आडनावांखाली सापडते. मॅकग्रेगरच्या शोधात ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

शिरगणतीचं पान घेताना १८४१ टाळा, १८५१ घ्या. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत आणि जन्मठिकाणापुढे फक्त 'याच परगण्यात की नाही' एवढंच आहे. १८५१ मध्ये जन्माचं पॅरिश मिळतं, आणि पॅरिश मिळालं की अर्धं काम झालं.

दाखल्याच्या समासात दुरुस्तीची खूण दिसली तर ती सोडू नका. आडनाव बदललं, बाप नंतर कबूल झाला, मृत्यूची चौकशी झाली, असं काही असेल तर त्याची वेगळी नोंद दुरुस्त्यांच्या वहीत असते.

१८५४ च्या मागे: पॅरिशच्या वह्या

सूची '१५५३ पासून' असं म्हणते आणि नवखा माणूस हरखतो. १५५३ ची ती वही पर्थशर परगण्यातल्या एकट्या एरल गावची आहे. डोंगराळ भागातल्या बहुतेक वह्या सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्या शतकात सुरू होतात, मध्येच वर्षंच्या वर्षं कोरी असतात. नोंद बहुधा जन्माची नसून बाप्तिस्म्याची असते, दफनांच्या नोंदी तर तुरळकच. आणि या वह्या फक्त अधिकृत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. चर्चमधून फुटून निघालेल्या पंथांची माणसं त्यांत सापडतीलच असं नाही.

मॅकग्रेगरांच्या बाबतीत एक दुर्दैवी योगायोग आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. १७७४ ला बंदी उठली. कुटुंबं हळूहळू जुन्या आडनावाकडे परतू लागली. आणि १७८३ ते १७९४ या काळात सरकारने वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला. गरीब घरांनी बाप्तिस्मा केला, पण नोंद टाळली. म्हणजे ज्या दशकात 'मरे' चा 'मॅकग्रेगर' होताना कागदावर दिसायला हवा, नेमक्या त्याच दशकात कागद विरळ आहे. त्या काळात नोंद सापडली नाही तर पूर्वज परगावचा होता, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

आता शोधचौकट कशी भरायची ते. नेमक्या अक्षरांचा पर्याय निवडला तर हाती फार थोडं लागतं, कारण कारकुनाने मॅक, मक, ग्रेगर, ग्रिगर, ग्रिगार असं काहीही लिहिलेलं असतं. 'सारख्या उच्चाराचं' शोधणारा साउंडेक्स पर्याय बरा, पण तो पहिलं अक्षर पक्कं धरतो. त्यामुळे मॅकग्रेगर टाकलं तर नुसते ग्रेगर किंवा ग्रिगर त्यात येत नाहीत. सगळ्यात चांगली रीत तारांकनाची. तारांकन शून्य किंवा कितीही अक्षरांची जागा घेतं, प्रश्नचिन्ह एकाच अक्षराची. रोमन लिपीतलं 'एम', मग तारांकन, 'सी-जी-आर', तारांकन, 'जी', तारांकन, 'आर' असं लिहिलं की मॅक आणि मक दोन्ही आणि मधल्या स्वरांच्या सगळ्या तऱ्हा एका फेरीत येतात. मग 'जी-आर' पासून सुरू होणारी दुसरी फेरी, नुसत्या ग्रेगर-ग्रिगरांसाठी.

एवढं करूनही मरे आणि ड्रमंड झालेले मॅकग्रेगर येणार नाहीत. ते कुठलंही यंत्र जुळवून देत नाही. इथे रीतच बदलावी लागते. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्यांत घराणं शोधायचं तर ते आधी मूळ गाव विचारतात आणि मगच वही काढतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही तसंच, शेताचं किंवा वाडीचं नाव हाच धागा. वहीत बहुधा 'अमुक वाडीतला तमुक' असं लिहिलेलं असतं. आडनाव बदललं तरी कूळ त्याच शेतावर राहतं.

म्हणून पायऱ्या अशा. १७७४ नंतरचं एक मॅकग्रेगर जोडपं पक्कं करा: नवरा, बायको माहेरच्या आडनावासह, पॅरिश आणि वाडी. मग फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर जा. तिथे आडनाव न भरताही शोध चालतो. बापाचं पहिलं नाव, आईचं पूर्ण नाव आणि पॅरिश एवढंच भरा आणि साल १७५५ ते १७८५ ठेवा. त्याच आईची मोठी मुलं मरे म्हणून आणि धाकटी मॅकग्रेगर म्हणून नोंदलेली दिसली, की सांधा सापडला. मग त्या दोन नोंदींची मूळ पानं इथे विकत घ्या आणि वाडीचं नाव जुळतं का ते पाहा. सूचीत वाडी नसते, ती पानावरच असते. बारा क्रेडिट खरे इथे खर्चावेत. काही ठिकाणी कारकुनाने 'ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर' अशी दोन्ही नावं लिहून काम सोपं केलेलं असतं, सूचीत मात्र त्यातलं एकच आलेलं असू शकतं.

आडाखा म्हणून नावं ठेवण्याची चाल लक्षात ठेवावी. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. नियम नव्हे, चालच. पण तीन मुलांची नावं चालीत बसली आणि वाडीही जुळली, तर पुरावा भक्कम होतो. नुसत्या नावांवर मात्र विसंबू नये. पर्थशरमध्ये जॉन मरे नावाच्या माणसांना तोटा नाही.

वाड्यांची नावं शोधायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे नकाशे मोफत आहेत. १७४७ ते १७५५ दरम्यान विल्यम रॉयच्या लष्करी मोजणीत काढलेल्या नकाशावर आज ओसाड झालेल्या कित्येक वाड्या दिसतात. एका खिडकीत पॅरिशचं पान, दुसऱ्या खिडकीत हा नकाशा, असंच काम करावं.

चर्चच्या स्थानिक मंडळांच्या कामकाजाच्या वह्याही स्कॉटलंड्सपीपलवर आहेत. पान चाळायला पैसे नाहीत, उतरवून घ्यायला आहेत. त्यांत अनौरस मुलांच्या चौकशा, गरिबांना दिलेली मदत, गाव बदलताना दिलेली चारित्र्यपत्रं असा ऐवज असतो. पण नावांची सूची नाही. पानं एकेक वाचावी लागतात, आणि सतराव्या शतकाचं हस्ताक्षर पहिल्या दिवशी मोडीसारखंच अगम्य वाटतं. ते वाचायला शिकवणारे मोफत धडे त्याच संस्थेने दिले आहेत, आधी ते करावेत.

मृत्युपत्रांची सूची १५१३ पासूनची आहे. अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. त्यामुळे कागदात गुरं, धान्य, येणी-देणी एवढंच असतं. मॅकग्रेगरांसारख्या कुळांना मुळात स्वतःची जमीन क्वचितच होती, म्हणून त्यांना हे चालतं. येण्या-देण्याच्या यादीत शेजाऱ्यांची नावं येतात, आणि आडनाव बदललेले भाऊबंद कधी कधी तिथे एकमेकांशेजारी दिसतात.

कुलचिन्हांच्या प्रतिमाही मिळतात, एक ४० क्रेडिटना, म्हणजे दहा पाउंडांना. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह आडनावाचं नसतं, ते एका व्यक्तीला दिलेलं असतं आणि कायद्याने तिच्याच वारसाकडे जातं. दिवाणखान्यात लावायला म्हणून हा खर्च करू नये.

देशाबाहेर गेलेले

स्थलांतराच्या बाबतीत ही सेवा तोकडी आहे, आणि तो दोष संकेतस्थळाचा कमी, कागदांचा जास्त. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या जहाजांच्या उतारूंच्या पद्धतशीर याद्या १८९० पासूनच टिकल्या आहेत आणि त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आहेत, या संकेतस्थळावर नाहीत. इथे 'हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी' ने १८५२ ते १८५७ मध्ये ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या जवळपास पाच हजार लोकांची यादी आहे. पण ती मुख्यतः स्काय आणि पश्चिमेच्या बेटांची. पर्थशरच्या मॅकग्रेगरांना तिचा फारसा उपयोग नाही. ज्या देशात उतरले तिथले कागद आधी पाहावेत आणि तिथून मागे यावं.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धे गैरसमज टळतात: बंदी स्कॉटलंडच्या कायद्याची होती. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, किंवा अमेरिकेत मॅकग्रेगर उघडपणे मॅकग्रेगर राहू शकत होते. १७१८ मध्ये उत्तर आयर्लंडहून निघून १७१९ मध्ये न्यू हॅम्पशरला वसाहतकऱ्यांचा जथा वसवणारे धर्मोपदेशक जेम्स मॅकग्रेगर हेच आडनाव लावत होते, त्या वेळी पर्थशरमधले त्यांचे नावबंधू मरे-ड्रमंड म्हणून जगत होते. उलट उदाहरण कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं. १७८६ मध्ये पिक्टूला गेलेले धर्मोपदेशक जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर १७५९ मध्ये पर्थशरमधल्या सेंट फिलन्सजवळ जन्मले, तेव्हा घरचं आडनाव ड्रमंड होतं. मधल्या नावात ते टिकलं. पुढच्या पिढ्यांत असं मधलं नाव आडनावासारखं दिसलं तर आधी ते मायाजाल नव्हे, पुरावा आहे असं धरून तपासावं. हे गृहस्थ शिवाय चर्चमधून फुटलेल्या पंथाचे, म्हणजे पॅरिशच्या वहीचा भरवसा दुहेरी कमी.

ग्लेनगाइलच्या घराण्यातला ग्रेगर मॅकग्रेगर (१७८६–१८४५) याचे आजोबा बंदीच्या काळात सैन्यात ड्रमंड म्हणून होते. नातवाने व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात नाव काढलं आणि मग मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'पोयाइस' नावाचा देशच खोटा उभा करून त्याचे रोखे नि जमिनी विकल्या. १८२२-२३ मध्ये दोन जहाजांनी गेलेल्या सुमारे अडीचशे स्कॉट-इंग्रजांपैकी निम्म्याहून अधिक मेले. त्या भागात पूर्वज 'गायब' झालेला असेल तर ही शक्यता ध्यानात असू द्यावी.

हिंदुस्थानचा धागा खरा आहे आणि तो थेट कुळप्रमुखाच्या घरातला. बंदी उठल्यावर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून ज्यांना प्रमुख मानलं ते लॅनरिकचे जॉन मरे, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातले अधिकारी. १७९५ ला बॅरोनेट (वंशपरंपरागत 'सर' किताबाचे मानकरी) झाले ते सर जॉन मॅकग्रेगर मरे म्हणून. त्यांचा मुलगा इव्हान २७ फेब्रुवारी १८१८ ला खानदेशात थाळनेरच्या किल्ल्याच्या दरवाजात गंभीर जखमी झाला. तापीकाठचं हे थाळनेर आज धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात आहे. तिथल्या त्याच चकमकीत रॉयल स्कॉट्स पलटणीचा कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाला. एकाच दरवाजात दोन माणसं, पण मराठा युद्धाच्या कागदांत एक 'मरे' खाली सापडू शकतो आणि दुसरा 'मॅक' च्या आखूड रूपाखाली. १८२२ मध्ये इव्हानने शाही परवान्याने मॅकग्रेगर हे आडनाव पुन्हा घेतलं. त्यामुळे त्याचा मागोवा घेताना १८२२ च्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळी आडनावं शोधावी लागतात.

मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं स्कॉटलंड्सपीपलवर शोधू नयेत. ती ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत: बंगाल 'एन १', मद्रास 'एन २', मुंबई 'एन ३'. मुंबईची मालिका १७०९ ते १९४८ ची आहे आणि तिच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या सेवेवर पाहता येतात. त्याआधी 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' चा मोफत साठा चाळावा. पुणे, खडकी, अहमदनगर, धुळे इथल्या जुन्या थडग्यांवरचं नाव घेऊन काम सुरू करणाऱ्यांनी याच क्रमाने जावं. थडग्यावरून पलटण आणि साल, 'एन ३' मधून वय आणि हुद्दा, आणि मगच स्कॉटलंडच्या वह्या. थडग्यावरचं आडनाव घेऊन थेट स्कॉटलंड्सपीपल उघडलं तर एका नावाचे शंभर जण येतात.

डीएनएचं काय?

कागद १७७४ च्या भिंतीला अडला की लोक चाचणीकडे वळतात. फॅमिलीट्रीडीएनए या कंपनीकडे मॅकग्रेगर प्रकल्प आहे आणि तो या क्षेत्रातल्या जुन्या, नीट चालवलेल्या प्रकल्पांपैकी आहे. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी इथे लागते. लाळेची स्वस्त सर्वसाधारण चाचणी चारशे वर्षांमागच्या पुरुषवंशाबद्दल काही सांगत नाही. इयन कॅमच्या शाखेची खूण 'एस ६९०' या नावाने ओळखली जाते. मरे किंवा ड्रमंड आडनावाच्या पुरुषात ती सापडली तर कागदातला सांधा शोधायला दिशा मिळते. मॅकग्रेगर आडनाव असूनही ती नसेल तर घाबरायचं कारण नाही. कुळाच्या आश्रयाला आलेले, दत्तक गेलेले, आईचं आडनाव लावणारे असे कितीतरी लोक त्या नावाखाली होते. चाचणी वाडी सांगत नाही आणि आजोबाचं नावही सांगत नाही, त्यामुळे ती पॅरिशच्या पानांच्या आधी करू नये.

गुणच द्यायचे तर १८५५ नंतरच्या कामाला पाचपैकी पाच, पॅरिशच्या वह्यांना साडेतीन, स्थलांतराला दीड. पहिला खर्च ३० क्रेडिटचा ठेवा. त्यातले पहिले सहा, घराण्यात १८५५ नंतर सगळ्यात आधी वारलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या मृत्युदाखल्यावर घाला. त्यावरचं आईचं माहेरचं आडनाव वाचल्याशिवाय उरलेल्या चोवीसांना हात लावू नका.